लांडगा कोळी ओळखताना

रात्री भाताच्या बांधावर टॉर्च कपाळाशी धरून उभे राहा. गवतात हिरवट ठिपके चमकतील. ते बहुधा लांडगा कोळ्यांचे डोळे. डोळे आठ, तीन ओळींत: खाली चार बारीक, मध्ये दोन टपोरे, वर दोन. मादी अंड्यांची पिशवी पोटाच्या टोकाला चिकटवून हिंडते. तिच्यासारखाच दिसणारा दुसऱ्या कुळातला एक कोळी अशी पिशवी जबड्यात धरतो.

कूळ कळले, पण जात? भातशेतीत नेहमी आढळणाऱ्या पार्डोसा स्यूडोअ‍ॅन्युलाटाच्या पाठीवर, डोळ्यांच्या मागे, दुबेळक्यासारखी फिकट खूण असते. तुडतुडे खाणारा हा शेतकऱ्याचा खरा सोबती. याच कुळातला हिप्पासा मात्र जाळे विणतो, नरसाळ्याच्या आकाराचे. त्याच्या सूत काढणाऱ्या अवयवांची मागची जोडी लांब, वरूनही दिसणारी.

रंगावर मात्र विसंबू नका. एकाच जातीत तो फिका-गडद होतो, आणि पिल्लांच्या खुणा पुरत्या उमटलेल्या नसतात. पार्डोसाच्या कित्येक जाती नुसत्या डोळ्यांना सारख्याच दिसतात. तिथे सूक्ष्मदर्शक लागतो: मादीच्या पोटाखालची जननांगाची कडक पट्टी आणि नराच्या तोंडाजवळच्या स्पर्शांगांचे फुगीर टोक. दोन्हींची घडण प्रत्येक जातीत वेगळी, आणि ती शेवटची कात टाकल्यावरच पूर्ण होते. निदान कूळ तरी कळावे म्हणून छायाचित्र काढाल तेव्हा वरून एक आणि समोरून, डोळे दिसतील असे, एक काढाच. पिशवीवाली मादी असेल, तर तिला हात लावू नका.