तंबाखूच्या पानावर काय बसतं?

मागच्या बैठकीत विड्यांचा विषय निघाला, तेव्हा एक ताई म्हणाल्या, "आमचे हे सिगारेट नाही ओढत, साधी विडी. तंबाखू आणि तेंदूचं पान. त्यात कसलं केमिकल?" बऱ्याच जणींनी माना डोलावल्या. म्हणून आज आम्ही या पानाबद्दलच बोलतोय.

तंबाखूच्या हिरव्या पानाला हात लावला तर बोटं चिकट होतात. पानावर बारीक चिकट लव असते. जमिनीत थोडं युरेनियम सगळीकडेच असतं, फॉस्फेटच्या खतात जरा जास्त. त्यापासून रेडियम होतं, रेडियमपासून रेडॉन नावाचा वायू निघतो, आणि हवेत त्याचे शिशाचे आणि पोलोनियमचे अगदी बारीक कण होतात. ते धुळीबरोबर पानावर बसतात आणि लवेला धरून राहतात. काही मुळांतूनही वर चढतात. पान धुतलं तरी सगळे जात नाहीत.

पोलोनियम किरणोत्सर्गी आहे. म्हणजे त्यातून सतत न दिसणारा मारा सुरू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. १८९८ साली मेरी क्युरी बाईंनी नवऱ्याच्या जोडीनं ते शोधलं आणि आपल्या माहेरच्या देशाचं, पोलंडचं नाव त्याला दिलं. तंबाखूच्या धुरात ते असतं, हे अमेरिकेतल्या रॅडफर्ड आणि हंट या शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये छापून सांगितलं. सिगारेट कंपन्यांनाही ते तेव्हापासून ठाऊक होतं, पुढे त्यांचेच कागद बाहेर आले. पाकिटावर मात्र त्याचं नाव अजून नाही.

आता तुम्ही विचाराल, खत तर आपण भाजीलाही घालतो. बरोबर आहे, अन्नातूनही थोडं पोलोनियम पोटात जातं. पण भाजी आपण जाळून तिचा धूर छातीत ओढत नाही. विडीचं पेटतं टोक इतकं तापतं की पोलोनियमची वाफ होते आणि धुरातून थेट फुप्फुसात जाते. त्याचे किरण साध्या कागदानंही अडतात, आपल्या कातडीतूनही आत शिरत नाहीत. आत मात्र मध्ये काहीच नसतं. श्वासनळीला जिथं फाटे फुटतात तिथं हे कण साचतात आणि रोज त्याच जागेवर मारा होतो. फिल्टर लावला तरी बरेचसे कण आत जातातच.

तंबाखू जुनी झाली तर? पोलोनियम १३८ दिवसांत निम्मं होतं खरं, पण पानातल्या किरणोत्सर्गी शिशापासून नवं तयार होत राहतं. ते शिसं निम्मं व्हायलाच बावीस वर्षं लागतात.

धुरात कॅन्सर करणारे पदार्थ सत्तरच्या आसपास आहेत, पोलोनियम त्यातलं एक. एका खोलीच्या घरात तो धूर पोराबाळांच्याही छातीत जातो. आणि मिश्रीवाल्या मैत्रिणींनो, तुम्ही सुटलात असं समजू नका. मिश्रीही तंबाखूचीच, तिनं तोंडाचा कॅन्सर होतो.

सोडायला मदत हवी असेल तर सरकारचा फोन आहे, पैसे लागत नाहीत. नंबर लिहून घ्या: १८००-११-२३५६. घरधनी स्वतः फोन करायला लाजत असतील, तर त्यांच्या शेजारी बसून तुम्ही लावून द्या.