‘तुम्ही निघा’ म्हणायच्या आधी

मी गोंदिया जिल्ह्यात १०८ अ‍ॅम्ब्युलन्सवर डॉक्टर आहे. आज एकाच प्रश्नावर बोलतो. अपघाताच्या जागी मदतीला आलेल्यांना ‘आता निघा’ कधी म्हणायचं?

आमच्या गाडीत माणसं दोनच. डॉक्टर आणि पायलट, म्हणजे ड्रायव्हर. बाकीचे हात असतात ११२ वरून आलेल्या पोलिसांचे आणि गावच्या पोट्ट्यांचे.

माझं नोकरीचं पहिलं वर्ष होतं. देवरीकडच्या हायवेवर रात्री एक बाईक पडली. दोघं जखमी, दोघांनाही गाडीत घेतलं. पोलिसांनी विचारलं, ‘डॉक्टर, निघू का?’ मी म्हटलं, ‘हो जी, निघा.’ पोट्टेही निघाले. आणि आतला एक जखमी पुटपुटला, ‘माझा भाऊ कुठं आहे?’

तिसरा होता! रस्त्याखालच्या बांधीत, उभ्या धानात पडलेला. चिखल, अंधार, आणि उचलायला मी आणि पायलट. पायलटनं ओरडून पोट्ट्यांना परत बोलावलं. तो वाचला. पण वाया गेलेली मिनिटं माझी चूक होती.

तेव्हापासून मी कोणालाही सोडण्याआधी तीन गोष्टी बघतो.

पहिली, मोजणी. शुद्धीवर असलेल्याला विचारायचं, ‘गाडीवर किती जण होते?’ मग टॉर्च घेऊन आजूबाजूचं शेत, नाली बघायची.

दुसरी, गाडीत मला एकट्याला जमेल का? हृदय बंद पडलं तर छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबावी लागते, आणि दर दोन मिनिटांनी दाबणारा बदलावा लागतो. एकटा माणूस थकतो. म्हणून पेशंटचा श्वास किंवा नाडी ढासळत असेल, तर एक दणकट माणूस सोबत घेतो.

तिसरी, जागा. पेट्रोल सांडलंय का? मागून ट्रक येतायत का? आमची गाडी हायवेवर उभी आहे तोवर मागे ट्रॅफिक अडवणारा पोलीस हवाच. तो सगळ्यात शेवटी सुटतो.

पण उगाच थांबवणंही चूकच. तीच पोलीस गाडी दुसरीकडे कोणाला तरी हवी असते. म्हणून काम संपेल तसं एकेकाला सोडायचं, आणि स्पष्ट शब्दांत सांगून सोडायचं. नुसती मान हलवून नाही.

आता तुमच्यासाठी. पोलिसांच्या भानगडीत अडकू, या भीतीनं बरेच जण आम्ही पोचताच पसार होतात. घाबरू नका. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४-ए आलं. चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्याला त्यानं संरक्षण दिलंय. स्वतःचं नाव सांगायची सक्तीही नाही.

म्हणून पुढच्या वेळी अ‍ॅम्ब्युलन्स आली की लगेच निघू नका. फक्त एवढं विचारा, ‘डॉक्टर, अजून हात पाहिजेत का?’

त्या रात्री हे कोणी विचारलं असतं, तर मी कदाचित पुन्हा एकदा मोजलं असतं.

भेटू पुढच्या भागात. गाडी हळू चालवा.