पट्टा, शेक आणि बाळंतिणीचे पोट

भगिनींनो, आपल्याकडे बाळंतिणीचा सव्वा महिना, तसा चीनमध्ये ‘महिना बसण्याचा’ रिवाज आहे. गार पाण्यात हात घालायचा नाही, वाऱ्याला बसायचे नाही. क्वांगतुंगकडे तर आले आणि डुकराचे पाय गोड सिरक्यात शिजवून देतात. आपल्या डिंकाच्या लाडवाचे भावंडच म्हणा ना! पोटाला लांब पट्टा गुंडाळतात. शिवाय बेंबीखाली चार बोटांवर, आपल्या दवण्याच्या जातीतल्या एका वनस्पतीच्या वाळल्या पानांची कांडी पेटवून, कातडीला न टेकवता ऊब देतात.

ऊब सुखाची खरीच. पण गरोदरपणात पोटाचे दोन उभे स्नायू एकमेकांपासून दूर सरकतात, मधली पट्टी ताणते. ती पूर्ववत करणे धुराच्या हाती नाही. पट्ट्याने आधार मिळतो, इतकेच. करकचून आवळलात तर दाब खाली ओटीपोटावर येतो. श्वास सोडताना पोट हलकेच आत घ्यावे, असा साधा व्यायाम रोज केला म्हणजे स्नायूंत हळूहळू जोर येतो. दोन महिन्यांनी उताणे पडून, डोके किंचित उचलून बेंबीपाशी बोटे ठेवून पाहा. फट दोन बोटांहून रुंद लागली, तर डॉक्टरांना दाखवा. आणि हो, पोटावर शस्त्रक्रियेची जखम ओली असेल तर शेक मुळीच नको बरं!