वाद हवा, वितंडा नको



एका सुशिक्षित मध्यमवर्गीय कुटुंबाचा व्हॉट्सअ‍ॅपवरील गट डोळ्यांसमोर आणावा. पहाटे काकांचा सुविचार येतो, दुपारी भाचीच्या बारशाची छायाचित्रे येतात, संध्याकाळी गणपतीला कोण किती वाजता पोहोचणार याची विचारणा होते. मग निवडणुका जवळ येतात. कोणीतरी कुठून तरी आलेला एक राजकीय मजकूर पुढे ढकलतो. पुतण्या त्यातील एक आकडा चुकीचा असल्याचे दाखवतो. आकड्याविषयी कोणी बोलत नाही. पुतण्याच्या वयाविषयी, शिक्षणाविषयी आणि परदेशातील नोकरीविषयी मात्र सगळे बोलतात. रात्री अकरा वाजता पुतण्या गटातून बाहेर पडतो. त्या वर्षी गणपतीच्या पंगतीत एक पान कमी मांडले जाते.

ज्या मजकुरावरून हे घडले, त्याचा लेखक त्या घरातील नव्हता. ज्या नेत्यांवरून हे घडले, ते संसदेत एकमेकांबरोबर चहा घेत असतील. तुटले ते घरातले नाते. म्हणून आंतरजालावर राजकीय वाद सभ्यतेने होऊ शकतो का, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा किंवा पत्रपंडितांचा नाही. तो प्रत्येक घराचा आणि प्रत्येक कार्यकर्त्याचा आहे.

या प्रश्नाकडे वळताना एक भ्रम प्रथम दूर करावयास हवा. पूर्वी सारे सभ्य होते आणि हातात मोबाइल आल्यावर माणसे बिघडली, असे मानणे सोयीचे असले तरी खरे नाही. एकोणिसाव्या शतकातील पुण्याचे उदाहरण महाराष्ट्राला ठाऊक आहे. टिळक आणि आगरकर हे एकेकाळचे जिवलग सहकारी. कोल्हापूर प्रकरणात 1882 साली दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस एकत्र काढले. पुढे सामाजिक सुधारणा आधी की राजकीय, या प्रश्नावर मतभेद विकोपाला गेले. आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि 1888 मध्ये ‘सुधारक’ काढला. त्यानंतर दोन्ही पत्रांतून जे लिहिले गेले, ते सौम्य मुळीच नव्हते. आगरकरांची तर जिवंतपणी प्रेतयात्रा काढण्यात आली. त्या वेळी आंतरजाल नव्हते. अविवेक मात्र होता.

परंतु त्याच कथेचा उत्तरार्धही ध्यानात ठेवावा. 1895 च्या जूनमध्ये आगरकर गेले, तेव्हा ‘केसरी’त त्यांचा मृत्युलेख टिळकांनी स्वतः लिहिला. मतभेद मिटले नव्हते, तरीही प्रतिपक्षाच्या माणसाची थोरवी सांगण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. सभ्यतेची खरी कसोटी येथे आहे. ती भाषेच्या मवाळपणात नसून, समोरचा माणूस माणूस म्हणून दिसत राहतो की नाही, यात आहे.

वाद कसा करावा याचे शास्त्र या देशात फार प्राचीन काळी रचले गेले. गौतमाच्या न्यायसूत्रांत जे सोळा पदार्थ सांगितले आहेत, त्यांत वाद, जल्प आणि वितंडा हे तीन स्वतंत्र मानले आहेत. सत्य जाणण्यासाठी, प्रमाण आणि तर्क यांच्या आधारे, दोन पक्ष मांडून होणारी चर्चा म्हणजे वाद. केवळ जिंकण्यासाठी केलेली चर्चा म्हणजे जल्प. त्यात छलालाही मज्जाव नाही. आणि स्वतःचे कोणतेही मत सिद्ध न करता फक्त दुसऱ्याचे खंडन करीत राहणे म्हणजे वितंडा. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यांसाठीही हाच विवेक सांगितला आहे. मित्रभावाने केलेली चर्चा ती संधाय संभाषा आणि कलहबुद्धीने केलेली ती विगृह्य संभाषा. कोणाशी कोणत्या प्रकारे बोलावे, हे आधी ओळखावे, असा त्यामागचा व्यवहारी उपदेश आहे.

या शास्त्राने वादातील दोषांची जी यादी केली, ती आजचा कोणताही फोन उघडून तपासून पाहावी. वाक्छलाचे परंपरागत उदाहरण ‘नवकंबल’ हे आहे. एखाद्याकडे नवे कांबळे आहे, असे कोणी म्हणतो. प्रतिपक्षी मुद्दाम ‘नव’ म्हणजे नऊ असा अर्थ घेऊन विचारतो, नऊ कांबळी कुठे आहेत? आज एखाद्याच्या भाषणातील बारा सेकंदांचा तुकडा कापून पसरवला जातो, तेव्हा हेच घडते. मूळ विषय सोडून भलतीकडे जाणे याला ‘अर्थांतर’ म्हणत. स्वतःवरील आक्षेपाचे उत्तर न देता ‘तुमच्याकडेही हाच दोष आहे’ असे म्हणणे म्हणजे ‘मतानुज्ञा’. कारण तसे म्हणताच स्वतःवरील आक्षेप मान्य केल्यासारखे होते. ‘तेव्हा तुम्ही कुठे होता?’ हा आजचा सर्वांत लाडका प्रश्न न्यायशास्त्राच्या दृष्टीने विजय नसून पराजयाचे स्थान आहे. आणि प्रतिपक्षाचे म्हणणे सभेला कळले असूनही ते नीट परत मांडता न येणे, हे ‘अननुभाषण’. या एका कसोटीला लावले, तर आजच्या वादपटूंपैकी किती जण टिकतील?

मग आजच्या माध्यमात नवे काय आहे? पहिली गोष्ट अशी की येथे चेहरा दिसत नाही. जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने 2004 साली मांडले की नाव लपलेले असणे, समोरचा न दिसणे आणि उत्तर तत्काळ ऐकावे न लागणे, यांमुळे माणूस एरवी जे बोलणार नाही ते लिहून जातो. दुसरी गोष्ट वेगाची. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी 2006 ते 2017 या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे 1 लाख 26 हजार वार्तांचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध केला. असत्य वार्ता पुढे पाठवली जाण्याची शक्यता सत्य वार्तेपेक्षा 70 टक्क्यांनी अधिक आढळली. आणि हे काम प्रामुख्याने यंत्रांनी नव्हे, माणसांनी केले होते. तिसरी गोष्ट मध्यस्थाची. जुन्या वादसभेत दोन्ही बाजू ऐकून निर्णय देणारा कोणी तरी असे. येथे निर्णय देते ती टाळ्यांची संख्या, आणि टाळ्या बहुधा आवेशाला मिळतात.

तथापि सारा दोष माध्यमावर ढकलता येणार नाही. डेन्मार्कमधील आरहुस विद्यापीठाच्या बोर आणि पीटरसन या संशोधकांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष विचार करावयास लावणारा आहे. आंतरजालावर आक्रमक असणारी माणसे प्रत्यक्ष व्यवहारातही तशीच असतात; फरक इतकाच की प्रत्यक्षातले त्यांचे वागणे चार भिंतींआड राहते आणि येथले हजारोंना दिसते. म्हणजे माध्यम माणसाला घडवते त्यापेक्षा उघडे अधिक पाडते. थोडी माणसे फार ओरडतात आणि सभ्य माणसे दार लावून घेतात. मग सारा बाजार ओरडणाऱ्यांचाच आहे, असे वाटू लागते.

या बेफिकिरीची किंमत कधी कधी रक्ताने मोजावी लागते. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, ही फोनवरून पसरलेली अफवा त्यामागे होती. ती अफवा राजकीय नव्हती. परंतु ती पुढे पाठवणारा हात आणि न तपासलेला राजकीय मजकूर पुढे पाठवणारा हात एकाच सवयीचा असतो. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. मर्यादा यंत्रावर आली. मनावर ती ज्याची त्याने घालावयाची असते.

कायद्याने हे साधेल काय? तोही प्रयोग झाला आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यात 2008 च्या दुरुस्तीने 66अ हे कलम आले. त्यातील शब्द इतके सैल होते की कोणाला काय ‘त्रासदायक’ वाटेल, याला सीमाच नव्हती. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर व्यक्त झालेल्या मतावरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. पुढे ते प्रकरण बंद करावे लागले. अखेर 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवले. धमकी आणि चिथावणी यांना कायदा आवरू शकतो, आवरलेही पाहिजे. परंतु शील हे दंडाने उत्पन्न होत नाही. ते संस्काराने येते.

कोणी म्हणेल, प्रतिपक्ष शिव्या देत असताना सभ्यता हा दुबळेपणा नव्हे काय? आक्षेप टाळण्याजोगा नाही. ज्याच्यावर अन्याय झाला आहे, त्याला ‘हळू बोला’ म्हणणे हीदेखील कधी कधी एक प्रकारची दांडगाईच असते. पण सभ्यता म्हणजे मुद्दा सोडणे नव्हे. अटलबिहारी वाजपेयी यांनी नेहरूंच्या धोरणांवर संसदेत कठोर टीका केली. आणि 1964 मध्ये नेहरू गेले, तेव्हा राज्यसभेत त्यांना मनःपूर्वक श्रद्धांजलीही वाहिली. 1994 मध्ये काश्मीरचा प्रश्न जिनिव्हात मानवी हक्क आयोगापुढे आला, तेव्हा पंतप्रधान नरसिंह राव यांनी भारतीय शिष्टमंडळाचे नेतृत्व विरोधी पक्षनेते वाजपेयी यांच्याकडे सोपवले. आयुष्यभर एकमेकांना देशद्रोही म्हणत राहिलेल्या माणसांना असा प्रसंग निभावता आला नसता. वैर जपणाऱ्या राष्ट्राला संकटाच्या वेळी एक आवाज काढता येत नाही.

आंतरजालावरही हे शक्य आहे, याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. मराठी विकिपीडिया 2003 पासून चालू आहे. वादग्रस्त विषयांवरील लेख तेथे परस्परविरोधी मतांची माणसे मिळून लिहितात. प्रत्येक विधानाला संदर्भ हवा, व्यक्तीवर हल्ला नको, समोरच्याचा हेतू आधी चांगला धरावा आणि भांडण चर्चापानावर न्यावे, असे तेथील नियम आहेत. नियमभंग तेथेही होतात, परंतु नियम असल्यामुळे भंग ओळखता येतो. सभ्यता जेथे नांदते तेथे ती आपोआप आलेली नसते. कोणी तरी तिची राखण करीत असते.

ही राखण प्रत्येकाला आपल्या घरातून करता येईल. उत्तर देण्यापूर्वी प्रतिपक्षाचे म्हणणे त्यालाही मान्य होईल अशा शब्दांत स्वतःशी मांडावे. आपल्याकडे याला पूर्वपक्ष म्हणतात. मजकूर कोणाचा आणि केव्हाचा हे कळेपर्यंत तो पुढे पाठवू नये. जे समोर बसून बोलता येणार नाही, ते लिहू नये. चूक झाली तर जेथे केली तेथेच, त्याच लोकांसमोर, ती मान्य करावी. आणि सर्वांत कठीण नियम असा की, असभ्यता आपल्या बाजूच्या माणसाने केली, तर पहिला आक्षेप आपण घ्यावा. प्रतिपक्षाच्या शिवीचा निषेध कोणीही करतो. स्वपक्षाच्या शिवीचा निषेध करण्यास चारित्र्य लागते.

गटातून बाहेर पडलेल्या त्या पुतण्याला पुन्हा आत घेणे एका बोटाचे काम आहे. पण त्याआधी काकांनी त्याला फोन करावा, आवाज ऐकवावा आणि तो आकडा चुकीचा होता, एवढे एक वाक्य बोलावे. मत बदलण्याची आवश्यकता नाही. पंगतीत पान मात्र पुन्हा मांडले गेले पाहिजे.