गोठलेल्या भूमीची नाडी



वैशाखात आडाचे पाणी गार लागते आणि पौषात तेच कोमट भासते. वास्तविक पाणी फारसे बदललेले नसते. बदललेली असते ती वरची हवा. ऋतूंचा ताप आणि गारठा जमिनीत फार सावकाश उतरतात, आणि दहा-वीस मीटर खाली जाईपर्यंत त्यांचा जोर ओसरतो. एवढे ध्यानात ठेवले, म्हणजे आजचा विषय अवघड वाटणार नाही.

जी जमीन सलग दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ शून्य अंश सेल्सिअसच्या वर जात नाही, तिला शास्त्रज्ञ पर्माफ्रॉस्ट म्हणतात. आपण तिला चिरगोठित भूमी म्हणू. सैबेरियातील याकुत्स्क येथे शेरगिन नावाच्या व्यापारी गृहस्थाने १८२८ साली पाण्यासाठी विहीर खणायला घेतली. १८३७ पर्यंत ती ११६ मीटर खोल गेली, तरी गोठलेली माती संपेना! व्यवहारात विहीर फुकट गेली. परंतु पुढे १८४४ साली मिडेनडॉर्फ या संशोधकाने तिच्यात निरनिराळ्या खोलींवर तापमान मोजले, आणि शास्त्राला ती लाभली.

आता उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांकडे वळू. तेथील निम्म्याहून अधिक भूमी हिमनद्यांनी झाकलेली आहे. यानसनहाउगेन नावाच्या टेकडीवर १९९८ साली १०२ मीटर खोल भोक पाडून त्यात ठरावीक अंतरांवर विद्युत-तापमापक सोडण्यात आले. एरवी खाली जावे तसतशी जमीन उबदार होत जाते. येथे मात्र वरच्या थरांत ही चढण वाकलेली आढळली. म्हणजे वरून ऊब आत शिरत होती. ऊब किती खोल पोचली यावरून ती केव्हा निघाली याचा हिशेब मांडता येतो. त्यावरून असे अनुमान निघाले, की त्यापूर्वीच्या साठ ते ऐंशी वर्षांत तेथील भूपृष्ठ सुमारे एक ते दोन अंशांनी तापले होते. ज्या काळी तेथे तापमापक नव्हता, त्या काळाची नोंद जमिनीने स्वतः ठेवली होती!

हिमनदीच्या शेजारी हा हिशेब अधिक गुंतागुंतीचा होतो. जाड बर्फ हा गोधडीसारखा असतो. त्याच्याखालची जमीन पुष्कळदा गोठलेली नसते. हिमनदी मागे हटली, की ती उघडी पडते आणि गोठू लागते. म्हणजे जग तापत असताना एकाच दरीत जुनी गोठण विरघळते आणि नवी तयार होते! म्हणूनच एका भोकावरून, एका वर्षावरून निकाल देता येत नाही.

आपल्याला याचे काय, असे कोणी विचारील. लाँगइयरब्येन गावाची घरे या भूमीत रोवलेल्या खांबांवर उभी आहेत. त्याच गावाजवळ जगभरच्या धान्यांची बियाणे जपण्यासाठी २००८ साली डोंगराच्या पोटात कोठार उघडले. २०१६ च्या ऑक्टोबरात अवेळी पाऊस पडून पाणी त्याच्या प्रवेश-बोगद्यात शिरले. बियाणे सुखरूप राहिले. पण पुढे तो बोगदा नव्याने बांधावा लागला. शिवाय उत्तरेकडील चिरगोठित भूमीत सध्याच्या वातावरणातील कार्बनच्या सुमारे दुप्पट कार्बन साठलेला आहे. ती विरघळली, की जंतू त्याचे कार्बन डायऑक्साइड व मिथेन करतात. आणि हे वायू कोणत्याही देशाची सीमा मानीत नाहीत.

भारताचे 'हिमाद्री' केंद्रही २००८ पासून स्वालबार्डमधील न्यू-ऑलेसुंद येथे आहे, आणि त्याचा कारभार आपल्या शेजारच्या गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन संस्था पाहते. असल्या कामात चमत्कार नाही, टाळ्या नाहीत. तारेला लोंबणारे तापमापक आणि वर्षानुवर्षांचे आकडे, एवढेच. परंतु मोजायचे राहून गेलेले वर्ष कितीही द्रव्य ओतले तरी पुन्हा मोजता येत नाही. म्हणून अशा नोंदींवर होणारा खर्च ही चैन नव्हे. ज्या भूमीला माणूस 'चिर' म्हणत आला, ती किती काळ तशी राहील हे त्या नोंदीच सांगणार आहेत.