मंत्रचळाचा उपचार : पहिले काही आठवडे
(महोत्सवाच्या सभेत केलेले भाषण)



रक्ताच्या तपासणीत न सापडणाऱ्या एका व्याधीविषयी आज आम्हांस बोलावयाचे आहे. मराठीत तिला मंत्रचळ म्हणतात. डॉक्टर ओसीडी म्हणतात. उत्तरपत्रिकेवरील गुणांची बेरीज आम्ही दहा-दहा वेळा करीत असू. वजू करताना कोपर कोरडे राहिले या शंकेने नळ बंद होत नसे आणि नमाजाची वेळ टळे. तीनदा धुतले की पुरे, शंकेच्या मागे लागू नका, असे मौलवीसाहेबांनी पूर्वीच बजावले होते. पण ऐकतो कोण!

अखेर मानसोपचाराची वाट धरली. आम्हांस वाटले, बालपण उकरून काढतील. तसे काही झाले नाही. कोणता विचार येतो, दिवसाचे किती तास जातात, काय काय टाळता, एवढे बाईंनी लिहून घेतले. मग भीतीची शिडी केली आणि प्रत्येक पायरीला शून्य ते शंभर गुण द्यावयास सांगितले. गुण देणे हा तर आमचा धंदाच! चाचणीच्या पेपरची एकदाच बेरीज करणे, तीस. वार्षिक परीक्षेचे पेपर तसेच सोपविणे, शंभर.

खालच्या पायरीपासून आरंभ झाला. बेरीज एकदाच करावयाची, पेपर मिटावयाचा आणि जीव कासावीस झाला तरी पुन्हा पाहावयाचे नाही. "चुकली तर नसेल ना?" असे आम्ही विचारले. बाई म्हणाल्या, "चुकली असेलही." आम्हांस रागच आला. फी घेतात आणि धीर देत नाहीत! पुढे उमगले की धीर न देणे हाच उपचार आहे. प्रत्येक फेरतपासणीने घटकाभर बरे वाटते, पण धोका खरा होता असेच मन शिकते. व्हिक्टर मेयर यांनी लंडनमध्ये याच रीतीने दोन रुग्णांवर केलेले उपचार 1966 साली प्रसिद्ध केले.

पहिले काही आठवडे बेचैनी वाढते, हे आधी ठाऊक असावे. आम्ही तिसऱ्या भेटीनंतर सोडून देणार होतो.

सर्वांत कठीण गेले ते घरी. "वजू झाली ना?" या प्रश्नाला आमच्या पत्नी दिवसातून वीस वेळा "झाली हो" म्हणत. बाईंनी त्यांनाही बोलावून ते बंद करविले. "अहो, याचे उत्तर द्यायचे नाही असे ठरले आहे ना," एवढे बोलून त्या स्वयंपाकघरात जात आणि तिथे डोळे पुसत. घरच्यांनी हे मायेपोटीच केलेले असते. तेव्हा कोणी त्यांना दोष देऊ नये.

साधारणपणे तास-दीड तासाच्या बारा ते वीस भेटी लागतात. रोजचा गृहपाठ निराळा. काहींना सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन यांसारखी औषधेही देतात. त्यांचा गुण यावयास दहा-बारा आठवडे लागू शकतात, आणि ती आपल्या मनाने बंद करू नयेत. बेळगावकरांना धारवाडची सरकारी मानसिक आरोग्य संस्था जवळ आहे. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये तर या व्याधीसाठी खास क्लिनिक आहे.

गेल्या वार्षिक परीक्षेचे पेपर आम्ही एकाच बेरजेनंतर सोपविले. एका पेपरात दोन गुणांची चूक निघाली. मुख्याध्यापकांनी दाखविली, आम्ही दुरुस्त करून सही केली आणि चहाला गेलो.