मधुमेह आणि आपले दात
(उत्सवातील आरोग्य व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



आपला बाप्पा एकदंत. पण तो देव आहे. एका दातावर आपलं भागत नाही! म्हणून आज आम्ही दोघं दंतवैद्य मधुमेह असलेल्यांच्या दातांविषयी बोलणार आहोत.

निपाणीकडच्या एक मावशी आमच्याकडे आल्या. आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेलेलं, रोज सकाळी मिश्री. दोन दात हलत होते, हिरडीतून पू येत होता. "वय झालं, पडायचेच की," म्हणाल्या. आम्ही रक्त तपासायला सांगितलं. उपाशीपोटीची साखर २४० निघाली. मधुमेह आहे हे त्यांना दातांमुळे कळलं. ते दोन दात वाचले नाहीत. मिश्री सुटली, औषधं सुरू झाली, म्हणून बाकीचे टिकले.

असं का होतं? रक्तातली साखर वाढली की जंतूंशी लढण्याची ताकद कमी होते, तोंड कोरडं पडतं, जखम लवकर भरत नाही. हिरड्या सुजतात आणि दाताभोवतीचं हाड झिजतं. उलटही खरं आहे. हिरडीतला संसर्ग मुरला की साखर आटोक्यात येत नाही. हिरड्यांवर नीट उपचार केल्यास तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरी ०.४ अंकांनी उतरतं, असं अभ्यासांत दिसलं आहे. पण म्हणून मधुमेहाच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत.

मग करायचं काय? मऊ ब्रशनं दिवसातून दोनदा दात घासा. रात्रीचं घासणं चुकवू नका. मिश्री, तंबाखू, गुटखा सोडा. मिश्रीनं ठणका थांबल्यासारखा वाटतो, रोग मात्र आत वाढतच राहतो. कवळी रात्री काढून स्वच्छ करून पाण्यात ठेवा. हिरडीतून रक्त येणं, तोंडाला वास, दात हलणं ही लक्षणं अंगावर काढू नका. त्रास नसला तरी सहा महिन्यांनी दात दाखवा.

दात काढायला उपाशी येऊ नका. नाश्ता करून, नेहमीची औषधं घेऊन, शक्यतो सकाळी या. मधुमेह असल्याचं आधी सांगा, साखरेचा ताजा रिपोर्ट आणि गोळ्यांची चिठ्ठी सोबत आणा. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनानं थांबवू नका.

खर्चाची धास्ती असेल, तर बेळगावात केएलई आणि मराठा मंडळ या संस्थांची दंत महाविद्यालयं आहेत. तिथं विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात.

आता प्रसादाचं. मोदक नको असं आम्ही म्हणणार नाही. एखादा जेवणासोबत खा, दिवसभर कुंदा चघळत बसू नका, आणि खाल्ल्यावर खळखळून चूळ भरा. घरी गेल्यावर आई-आजीला एकच विचारा, "हिरडीतून रक्त येतं का गं?" पुढच्या वर्षी बाप्पासमोर त्या मनमोकळं हसल्या, तर आमचं आजचं बोलणं सार्थकी लागलं.

गणपती बाप्पा मोरया!